सत्तर मिनिटं, तीन प्रश्न आणि तोडणी प्रोग्रॅम

ताई, नमस्कार. मी २७ वर्षांची आहे, सांगलीत विश्रामबागला राहते. इंजिनीअरिंग इथेच केलं आणि गेली ४ वर्षं इथल्याच एका लहान कंपनीत आहे. आमचं सॉफ्टवेअर साखर कारखान्यांत चालतं: ऊसनोंद, तोडणी प्रोग्रॅम (कुणाचा ऊस कधी तोडायचा तो क्रम), गाड्यांचा वजनकाटा, शेतकऱ्यांची बिलं. सी शार्प आणि एसक्यूएल रोजचंच. गाळप सुरू असताना रात्री दोनला काट्यावरून फोन आला तरी अर्ध्या तासात गाड्यांची रांग पुढे सरकवून देते. पण पुण्या-बेंगळुरूच्या कंपन्यांत अर्ज केला की आधी ऑनलाइन कोडिंग टेस्टची लिंक येते: ७० मिनिटं, ३ प्रश्न, कॅमेरा चालू. टायमर दिसला की हात गार पडतात. आतापर्यंत ५ टेस्ट दिल्या, पाचही गेल्या. आणि त्याच रात्री जेवण झाल्यावर निवांत बसले की तोच प्रश्न सुटतो! मैत्रीण म्हणते, ‘मोबाईलवर फोटो काढून एआयला दाखव, सगळे तेच करतात.’ बाबा म्हणतात, ‘बँकेची परीक्षा दे.’ मला खरंच कोडिंग येत नाही का? सहावी लिंक आलीय, ८ दिवसांत संपेल. ही कंपनी मला मनापासून हवी आहे. काय करू?
– स., सांगली

प्रिय स.,

कोडिंग येतं का, याचं उत्तर तुझ्याच पत्रात आहे, जेवणानंतरच्या वाक्यात. रात्री प्रश्न सुटतो म्हणजे तो तुला येतो. अनोळखी प्रश्न, वर उलटं पळणारं घड्याळ, समोर कॅमेरा आणि वीस-पंचवीस मिनिटांत चालणारा कोड, हे एक निराळं कसब आहे. तुझ्या रोजच्या कामाच्या मानानं ते लहानच आहे. मन लावलं तर दोन-तीन महिन्यांत बऱ्यापैकी जमतं. पण ते आपोआप येत नाही, आणि कारखान्याचा काटा चार वर्षं सांभाळूनही येत नाही. तू सरावाशिवाय पाच वेळा त्यात उतरलीस, एवढंच झालंय.

कंपन्या असं का करतात, ते आधी सांगते. पुण्यात नोकरी करताना मी बरीच वर्षं टेबलाच्या पलीकडच्या बाजूला होते. एका जागेला शेकड्यांनी अर्ज येतात आणि मुलाखत घेणारी माणसं दोन किंवा तीन, तीही आपलं काम सांभाळून. कुठेतरी चाळणी लावावीच लागते. २००७ च्या सुमाराला ‘फिझबझ’ नावाचा प्रश्न गाजला होता: १ ते १०० आकडे छाप, ३ च्या पटीत ‘फिझ’, ५ च्या पटीत ‘बझ’, दोन्हींच्या पटीत ‘फिझबझ’. ज्यांना साधा लूपही लिहिता येत नाही ते बाजूला काढायचे, एवढाच त्याचा हेतू. पुढे हॅकररँक, लीटकोडसारख्या साइट आल्या, कोड मशीन तपासू लागलं, उमेदवार तयारी करून येऊ लागले. मग प्रश्न अवघड झाले, मग तयारी वाढली, मग प्रश्न आणखी अवघड झाले. आज त्या ७० मिनिटांत तुझी हुशारी थोडी मोजली जाते आणि तयारी बरीच. रात्री दोनला बंद पडलेला काटा चालू करण्याची ताकद तर त्यात मोजलीच जात नाही.

आमच्याकडे निकालाची यादी यायची तेव्हा नाव आणि समोर गुण असायचे. कट-ऑफच्या खालच्यांचा कोड कुणी उघडून बघत नसे. हे ऐकायला बरं वाटणार नाही, पण माहीत असू दे. तू अप्रतिम रचनेचा अर्धा कोड लिहिलास आणि त्याला शून्य मिळालं, तर तो शून्यच. कुणीही तो वाचून ‘पोरीचा विचार बरोबर होता’ असं म्हणणार नाही.

तरीही या चाळणीला मी सरसकट नावं ठेवणार नाही. ती नव्हती तेव्हा पहिली नजर कॉलेजच्या नावावर जायची, आणि पवईच्या आयआयटीचा शिक्का असलेल्याची फाइल आपोआप वर यायची. आता पवईच्या मुलाला येतात तेच तीन प्रश्न विश्रामबागच्या मुलीला येतात. सांगली-साताऱ्याकडच्या, मोठ्या कॉलेजचं नाव पाठीशी नसलेल्या कितीतरी मुलांना याच दारानं आत जाता आलं आहे.

आता हात गार पडतात त्याबद्दल. २०२० मध्ये नॉर्थ कॅरोलिना स्टेट युनिव्हर्सिटी आणि मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी ४८ विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला. काहींनी समोर बसलेल्या माणसाच्या देखत, बोलत बोलत फळ्यावर प्रश्न सोडवायचा. बाकीच्यांनी तसाच प्रश्न खोलीत एकट्यानं. ज्यांच्याकडे कुणी बघत होतं त्यांची कामगिरी निम्म्यावर आली. त्या गटातल्या सगळ्या मुली नापास झाल्या, आणि एकट्यानं सोडवणाऱ्या सगळ्या मुली पास. माणसं थोडी होती, त्यामुळे यावरून फार मोठे निष्कर्ष काढू नयेत. तरी तुझा अनुभव जगावेगळा नाही एवढं त्यातून नक्की कळतं. तुझ्या बाबतीत बघणारा माणूस नाही, लॅपटॉपच्या वरचा तो छोटा हिरवा दिवा आहे. परिणाम तोच.

आणखी एक सांगते. बायनरी सर्च, म्हणजे क्रमवार यादीत मधोमध बघून दर वेळी निम्मी यादी सोडत शोधणं, तुला कॉलेजात एका तासात शिकवला असेल. टेस्टमध्येही तो ‘सोपा’ प्रश्न म्हणून येतो. ही पद्धत १९४६ मध्ये पहिल्यांदा मांडली गेली, पण कितीही लांबीच्या यादीवर बिनचूक चालणारा बायनरी सर्च छापून यायला १९६० चं दशक उजाडलं. जावाच्या लायब्ररीत जो होता, त्यातही एक चूक वर्षानुवर्षं दडून बसली होती. तो लिहिणारे जोशुआ ब्लॉक यांनी २००६ मध्ये स्वतःच ती जाहीर केली. मधला क्रमांक काढताना दोन टोकांची बेरीज करायची आणि निम्मी करायची. यादी अवाढव्य असली की ती बेरीज ३२ बिटांत, म्हणजे साधारण २१४ कोटींत मावत नाही आणि उणे होते. खालच्या टोकात फरकाची निम्मी भर घातली की अडचण संपते. हे लक्षात ठेव, कोड तपासायला टेस्टमध्ये लपवलेली उदाहरणं, म्हणजे टेस्ट केसेस, नेमक्या अशाच जागी असतात.

तयारी कुठून सुरू करायची? माझं मत विचारशील तर तुझ्या काट्यापासून.

भरलेली गाडी आत येते तेव्हा एक वजन, रिकामी होऊन बाहेर जाते तेव्हा दुसरं. दोन्हींची वजाबाकी म्हणजे ऊस. बाहेर जाणाऱ्या गाडीची आतली नोंद शोधायला तू दर वेळी अख्खी यादी चाळतेस का? नाही. गाडी नंबरवरून डिक्शनरीत, म्हणजे नंबर दिला की त्याची नोंद थेट देणाऱ्या रचनेत, बघतेस आणि एका झटक्यात जोडी मिळते. लीटकोडवरचा पहिला प्रश्न, ‘कोणत्या दोन आकड्यांची बेरीज अमुक होते’, याच घराण्यातला आहे. प्रत्येक आकड्याला विचारायचं, तुझा जोडीदार आधी येऊन गेलाय का? येऊन गेलेले सगळे डिक्शनरीत. तू हे रोज करतेस, फक्त तिथे त्याला काटा म्हणतात.

तोडणी प्रोग्रॅम घे. लागणीची तारीख, उसाची जात आणि प्रकार (‘आडसाली’, ‘पूर्वहंगामी’, ‘सुरू’ की ‘खोडवा’), यावरून क्रम लागतो. मध्येच नवी नोंद घुसते. एखादा फड पेटला की तो जळीत ऊस रांग मोडून आधी तोडावा लागतो. म्हणजे ‘ज्याची निकड सर्वात जास्त तो पुढे, आणि यादी सतत बदलती’. यालाच प्रायॉरिटी क्यू म्हणतात, आत हीप असतो, म्हणजे सर्वात निकडीचं कायम वर ठेवणारी रचना. ‘सर्वात मोठे अमुक इतके आकडे काढा’, ‘अनेक क्रमवार याद्या एकत्र करा’ असे प्रश्न आले की तुझा तोडणी प्रोग्रॅम आठव. एक बारकावा: सी शार्पमध्ये तयार प्रायॉरिटी क्यू डॉटनेट ६ या आवृत्तीपासून, म्हणजे २०२१ मध्येच आला, आणि तो सर्वात लहान आकडा आधी देतो. टेस्टच्या साइटवर जुनी आवृत्ती असेल तर तो मिळणारच नाही. तेव्हा सॉर्टेडसेटवर, म्हणजे आकडे क्रमवार ठेवणाऱ्या तयार रचनेवर, काम भागवायची सवय ठेव. हे टेस्ट चालू असताना कळलं तर दहा मिनिटं गेलीच.

तिसरा नमुना आपल्या सगळ्यांच्या पाठचा आहे. पावसाळ्यात आयर्विन पुलाजवळची पाणीपातळी अख्खी सांगली बघत असते. ४० फूट इशारा, ४५ फूट धोका. समज, दर तासाची पातळी तुला दिली आणि विचारलं, ‘प्रत्येक सलग २४ तासांतली सर्वात मोठी पातळी सांग.’ साधा उपाय म्हणजे दर तासाला मागचे २४ आकडे बघणं. चालतं, पण आकडे लाखो आणि खिडकी (म्हणजे ते सलग तास) मोठी झाली की रखडतं. आता नीट बघ. आत्ता ४१ फूट पाणी आहे, तर दोन तासांपूर्वीचे ३९ फूट इथून पुढच्या कोणत्याही खिडकीत सर्वात मोठे ठरणार नाहीत, कारण ४१ त्यांच्यानंतर आलेत आणि त्यांच्यानंतरच बाहेर जाणार. मग ते ३९ जवळ ठेवायचे कशाला? मोठा आकडा आला की मागचे लहान टाकून द्यायचे, वेळ संपलेले पुढून काढायचे. उरलेल्या रांगेतला पहिला आकडा म्हणजे उत्तर. प्रत्येक आकडा एकदा आत, एकदा बाहेर. या प्रश्नाला स्लायडिंग विंडो म्हणतात आणि तो ‘अवघड’ या खान्यात मोडतो. तुला आत्ता समजला ना?

असे प्रकार फार नाहीत. डिक्शनरी, दोन टोकांकडून आत येणं, खिडकी, बायनरी सर्च, स्टॅक, हीप, झाड आणि ग्राफ फिरणं, थोडं डायनॅमिक प्रोग्रॅमिंग. पहिल्या फेरीतले बहुतेक प्रश्न यांतच येतात. त्यामुळे पाचशे प्रश्न सोडवल्याची फुशारकी मारणाऱ्यांकडे लक्ष देऊ नको. प्रत्येक प्रकारातले सात-आठ घे आणि तेच आठवड्यानं कोऱ्या पानावर पुन्हा लिही. अर्धा-पाऊण तास झटूनही सुटलं नाही तर उत्तर बघ, खिडकी बंद कर, आणि मग न बघता लिही. भाषा बदलू नको. ‘टेस्टला पायथनच हवं’ असं सांगणारे भेटतील, पण हात बसलेली भाषा घड्याळापुढे जास्त उपयोगी पडते. गाळपाच्या दिवसांत तुला रोज दोन तास मिळणार नाहीत हे मला माहीत आहे. सकाळी ऑफिसला निघण्याआधीचा पाऊण तास पुरे. रात्री नको, रात्र काट्याची.

टायमर पहिले तीन-चार आठवडे लावूच नको. मग लाव, आणि सोबत बाबांना खुर्ची टाकून मागे बसव. त्यांना कोड कळायची गरज नाही. नुसतं स्क्रीनकडे बघत बसायचं आणि अधूनमधून ‘झालं का?’ विचारायचं. बँकेची परीक्षा सुचवणाऱ्या माणसाला एवढं काम द्यायला काहीच हरकत नाही. हसू नको, बघणाऱ्या माणसाची सवय माणूस बसवूनच होते.

प्रत्यक्ष टेस्टमध्ये आधी पाच मिनिटं तिन्ही प्रश्न वाच. पहिलाच सोपा असेल असं नसतं. मग इनपुट किती मोठा असू शकतो ते वाच, कारण उत्तराची पद्धत तिथेच लिहिलेली असते. ढोबळ हिशेब असा, की सेकंदाला १० कोटी साध्या पायऱ्या होतात. पायथनसारख्या भाषेत बऱ्याच कमी. आकडे १ हजार असतील तर लूपमध्ये लूप म्हणजे १० लाख पायऱ्या, खुशाल लिही. १ लाख असतील तर तेच १,००० कोटी होतात, म्हणजे टाइम लिमिट उडाली. तिथे सॉर्ट, डिक्शनरी किंवा हीपच लागणार. आणि आकडे फक्त २० असतील तर परीक्षक तुला सगळे पर्याय तपासायला सांगतोय, कारण २० गोष्टींचे सगळे गट साडेदहा लाखांच्या आतच होतात.

मग तिन्ही प्रश्नांना आधी कच्चं, हळू चालणारं, पण बरोबर उत्तर लिहून सबमिट कर. बऱ्याच ठिकाणी जितक्या टेस्ट केस पास तितके गुण असतात. सूचनांमध्ये ते दिलेलं असतं, वाच. तुझ्यासारख्या नीटनेटकं काम करणाऱ्या मुली इथेच मार खातात. पहिला प्रश्न सुबक होईपर्यंत दुसऱ्याकडे बघत नाहीत, आणि पन्नास मिनिटं एका प्रश्नात जातात. व्हेरिएबलची नावं सुंदर असली म्हणून मशीन एक गुणही वाढवून देत नाही. वीस मिनिटांत हललं नाही तर पुढे जा. शेवटची पाच मिनिटं रिकामी यादी, एकच आकडा, सगळे सारखे, उणे आकडे आणि बेरीज ‘इंट’मध्ये (३२ बिटांच्या पूर्णांकात) मावते का, यासाठी राखून ठेव.

वीज आणि नेट तुला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. राउटर इन्व्हर्टरवर, मोबाईलचा हॉटस्पॉट तयार, आणि महावितरण देखभालीसाठी वीज घालवतं तो वार सोडून दुसरा.

एआयचं म्हणशील तर नको. सगळे करत नाहीत, आणि करणाऱ्यांचं पुढे काय होतं ते मी पाहिलेलं आहे. पुढच्या फेरीत माणूस समोर बसतो, तुझाच कोड उघडतो आणि विचारतो, ‘ही ओळ का लिहिलीस? इथे आकडे दुप्पट झाले तर काय बदलशील?’ ज्यानं फोटो काढून उत्तर मिळवलं तो तिथे दुसऱ्या मिनिटाला गप्प होतो, आणि त्या कंपनीत त्याच्या नावापुढे काय लिहिलं जातं ते त्याला कधी कळत नाही. शिवाय नजर कुठे जाते, खिडकी कधी बदलली, कोड दुसऱ्या कुणाच्या कोडशी किती जुळतो, हे सगळं नोंदवलं जातं. काही कंपन्या आता टेस्टमध्ये एआय वापरायला उघड परवानगी देतात. तिथे खुशाल वापर. आणि घरी सरावाला तर जरूर वापर, पण उत्तर मागू नको. ‘फक्त पुढची एक सूचना दे’ म्हण, किंवा ‘माझा कोड कुठे फुटेल अशा पाच केसेस दे’ म्हण.

दुसरी दारंही ठोठाव. सगळ्याच कंपन्या घड्याळ लावत नाहीत. काही जण छोटं काम घरी करायला देतात, काही जण त्यांच्याच कोडमधली चूक सोबत बसून शोधायला लावतात. तुला तेच जमतं. घरी दिलेलं काम मात्र एका रविवारात बसणारं असावं. तीन-चार दिवसांचं फुकट काम मागितलं तर सरळ नाही म्हण. शेती, सहकारी बँका, वाहतूक, गोदामं यांची सॉफ्टवेअर करणाऱ्या कंपन्यांत तुझ्या चार वर्षांना खरी किंमत आहे. पण बायोडेटात ‘वेब्रिज मॉड्यूल डेव्हलप केलं’ असं मुळमुळीत लिहू नको. हंगामात दिवसाला किती गाड्या तुझ्या सॉफ्टवेअरवरून जातात, नेट गेलं तरी काटा कसा चालू राहतो, दुबार पावती कशी अडते, ते लिही. आणि कॉलेजचे सीनियर पुण्यात असतील त्यांना फोन कर. ओळखीतून गेलेला अर्ज निदान माणूस तरी उघडून बघतो.

बाबांना सांग की बँकेच्या प्राथमिक परीक्षेत ६० मिनिटांत १०० प्रश्न असतात. बँकेत काम करायची हौस असेल तर जरूर दे, घड्याळाला कंटाळून त्या वाटेला जाऊ नको.

राहिली सहावी लिंक. ती आत्ता उघडू नको. बऱ्याच कंपन्यांत एकदा नापास झालं की काही महिने पुन्हा अर्ज घेत नाहीत, आणि जी मनापासून हवी तिथली संधी सराव म्हणून वापरायची नसते. ज्या एचआरकडून लिंक आली त्यांना मेल कर: ‘आमच्याकडे गाळप हंगाम सुरू असल्याने या आठवड्यात मला सलग वेळ मिळत नाही, कृपया मुदत तीन आठवड्यांनी वाढवून मिळावी.’ कारण खरं आहे, सांगायला संकोच नको. मुदत वाढवून देणं त्यांच्या दृष्टीनं दोन क्लिकचं काम असतं आणि बरेच जण देतात. नाहीच दिली, तर आठव्या दिवशी सकाळी, कच्चं उत्तर आधी या एकाच नियमानं टेस्ट दे. पण मेल आजच पाठव. सातव्या दिवशी पाठवलास तर उत्तर येईपर्यंत लिंक बंद झालेली असेल.